अप्पांच्या गॅरेजात काय आलंय, ऐकलंत का?

अहो, ऐकलंत का? नाही, गाडीबद्दल नाही बोलत मी. अप्पांची गाडी हल्ली आमच्या फाटकासमोर उभी असते हे अख्ख्या प्राधिकरणाला दिसतंय. ती गॅरेजातून बाहेर का आली ते सांगते. जरा इकडे सरका, असं भिंतीपाशी. माई मागच्या अंगणात कपडे वाळत घालतायत, आवाज जातो.

अप्पांनी मिलिंग मशीन घेतलंय. घरी! तुम्हाला वाटेल मिरची-मसाल्याची चक्की वगैरे... छे हो. लोखंड कापायचं. भोसरीत शेडमधून ओळीनं उभी असतात ना, त्यातलं एक. माणसाहून उंच आणि वजन टनाच्या वर. आमचे हे म्हणतात, अकराशे-बाराशे किलो तरी भरेल. आणि हे येणार हे कुणाकुणाला ठाऊक होतं? माई सोडून सगळ्यांना.

माईंची गंमत माईंनीच मला सांगितली, पोळ्या लाटता लाटता. अप्पा म्हणे जेवताना सहज बोलल्यासारखे बोलले, "एक एचएमटी बघून ठेवलंय. जुनं आहे, पण घ्यावं म्हणतो." माई म्हणाल्या, "घ्या की, त्यात विचारायचं काय?" त्यांना वाटलं, घड्याळ! लग्नात माईंच्या वडिलांनी दिलेलं चावीचं एचएमटी अप्पांच्या मनगटावर अजून आहे, म्हटल्यावर दुसरं काय सुचणार. कंपनी १९५३ साली निघाली ती मशीनं बनवायला, घड्याळांचा कारखाना मागाहून, १९६१ ला, हे अप्पांनी समजावलं ते कधी? परवानगी पदरात पडल्यावर. वर "तूच तर हो म्हणालीस," हे आहेच. माईंच्या हातातली पोळी तव्यावर करपली म्हणे.

आता हे खूळ आलं कुठून, तर नातवामुळे. कोथरूडला जोशींचं छोट्या आगगाड्यांचं म्युझियम आहे बघा, तिथं त्याला घेऊन गेले होते. नातू कंटाळला नि आईस्क्रीम मागायला लागला. अप्पा मात्र काचेला नाक लावून उभे. घरी आले ते डोक्यात वाफेचं इंजिन घेऊनच. हातभर लांबीचं, पण खरं, वाफेवर पळणारं, आणि एकूण एक भाग स्वतः करायचा. टेबलावरचं लेथ त्यांच्याकडे आहेच, दुपारच्या माझ्या झोपेला ठाऊक आहे ते. पण लेथवर गोल तेवढं होतं. सपाट तळ, चौकोनी खाच, चावीचा घाट म्हटलं की मिलिंग पाहिजे. लेथमध्ये काम फिरतं नि हत्यार सरकतं, मिलिंगमध्ये हत्यार फिरतं नि काम सरकतं. मला कसं माहीत म्हणून काय विचारता? सासरे टूलरूमला, नवरा क्वालिटीला. आमच्याकडे कोबी चिरला तरी टॉलरन्स निघतो.

तर काय सांगत होते... हां, एचएमटी. ते काही आलंच नाही! अप्पांनी धरलं होतं एफएन टू. पिंजोरला, हरियाणात बनलेलं. भोसरीत कुणाचं तरी वर्कशॉप बंद होत होतं, त्यातलं. देखणं मशीन, हे सुद्धा म्हणाले. पण वजन दोन टनांच्या घरात. यांनी गॅरेजची फरशी पायानं ठोकून बघितली आणि म्हणाले, "अप्पा, मशीन आत जाईल, पण मग थांबणार नाही, खालीच जाईल." अप्पांचा चेहरा बघायला हवा होतात. लहान मुलाच्या हातातला फुगा फुटावा, तसा.

मग ठरलं टरेट. टूलरूमवाले एम वन टीआर म्हणतात ना, तेच. डोकं सगळीकडे वळतं, वरचा दांडा मागेपुढे होतो, आणि वजन निम्मं. यावर अप्पांचं एक कीर्तनच आहे, माझं पाठ झालंय. अमेरिकेत ब्रिजपोर्ट म्हणून गाव, तिथं रुडॉल्फ बॅनो नावाचे गृहस्थ. १९३६ साली त्यांनी हे मशीन पहिल्यांदा काढलं ते वाण्याच्या खाकी कागदी पिशवीवर. १९३८ ला पहिलं विकलं. आणि मग जगभर त्याच्या नकला, आपल्याकडे सुद्धा. अप्पा हे सांगतात तेव्हा माई म्हणतात, "त्यांच्या बायकोनं पिशवी वेळेवर फेकली असती तर मी सुटले असते."

खरेदीला हे बरोबर गेले होते, म्हणून मला सगळं इत्थंभूत कळलं. भोसरीला त्या जुन्या मशिनींच्या शेठकडे. शेठनं खुर्च्या टाकल्या, चहा मागवला आणि एक हिरवंगार मशीन पुढ्यात केलं. नवाच रंग, वासही गेला नव्हता. "एकदम टकाटक, बघायचं काय त्यात," म्हणाला. अप्पांनी चहा बाजूला ठेवला नि कापडी पिशवी उघडली. पिशवीत काय, तर डायल, त्याचा मॅग्नेटिक स्टँड, बॅटरी आणि माईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. तो तुकडा टेबलावरून फिरवला आणि बॅटरी आडवी धरली. सरळ धरली तर काही दिसत नाही, आडवी धरली की सगळं उघडं पडतं. टेबलाला भोकं! ड्रिल कुणीतरी कामातून आरपार खाली उतरवलेलं, त्यात लांबी भरून वरून घासून टाकलेलं. शेठ म्हणाला, "ते काय, वापरलेलं मशीन म्हणजे एवढं चालायचंच."

अप्पा काही बोलले नाहीत. हँडल हळूच उलटं फिरवलं. हँडल फिरतंय, फिरतंय, टेबल जागचं हलेना. म्हणजे स्क्रू नि नट झिजलेले, बॅकलॅश. एवढ्यावर अप्पा नाही म्हणाले नसते हं, नट बदलता येतो. पण मग त्यांनी खरी परीक्षा केली. टेबल मधोमध आणलं, बाजूची ती जिब का काय ती आवळून ढिलाई काढली, आणि टेबल टोकाला न्यायला लागले. मध्ये सुळसुळीत, टोकाला जाता जाता घट्ट. शेवटी गच्च. कारण काय, तर सगळं आयुष्य काम मधल्या वीतभर जागेत झालेलं. स्लाईड तिथं झिजली, टोकं कोरीच राहिली. मध्ये नीट बसवावं तर टोकाला अडकणार, टोकाला सैल ठेवावं तर मध्ये खुळखुळणार. तो दोष रंगानं झाकत नाही आणि नट बदलून जातही नाही. पुन्हा स्क्रेपिंग करून घ्यायचं तर मशिनीपेक्षा मजुरी भारी. शेठचा चेहरा इथं पहिल्यांदा पडला.

दुसऱ्यांदा पडला तो जास्त. कोपऱ्यात गोणपाटाखाली एक काळंकुळकुळीत, तेलकट धूड होतं. अप्पांनी गोणपाट उचललं, बोटानं चिकटा पुसला, तर खाली स्लाईडवर स्क्रेपिंगच्या चंद्रकोरी जशाच्या तशा! म्हणजे फार झीज नाही. स्पिंडलच्या आतल्या टेपरला डायल लावून हातानं फिरवलं तर काटा एका शतांशाच्या आत. मग शेठच्या तीन फेजवर ते चालवून, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगपाशी नि मूठ कानाला लावून, प्रत्येक स्पीडला ऐकलं. अप्पा डॉक्टर झाले असते तर... असो. "हे द्या," म्हणाले. शेठ म्हणतो, "हे? हे तर दुसऱ्या पार्टीला..." आमच्या ह्यांनी त्याचं ते तोंड मला स्वयंपाकघरात करून दाखवलं, दूध उतू गेलं माझं. घासाघीस होऊन सव्वा लाखाला सुटलं. माईंना सत्तर हजार सांगितलेत, तेवढं तुमच्यापाशी.

आता बघा हं पुरुषांची अक्कल. तीन फेजवर मशीन चालवून बघितलं, कानाला मूठ लावून ऐकलं, पैसे मोजले. आणि घरी मीटर सिंगल फेजचा आहे, हा विचार दोन्ही अनुभवी डोक्यांपैकी एकातही आला नाही!

मशीन आलं गुरुवारी. गुरुवारीच यायचं, कारण एमआयडीसीला सुट्टी, सगळे घरी. आणि दुरुस्तीसाठी गेलेली लाईट, त्यामुळे टीव्ही बंद, म्हणजे गल्लीला दुसरा उद्योग नाही. चारशे सात टेम्पो पुढे, मागून तो पिवळा हायड्रा घरघरत. तिसऱ्या गल्लीतल्या काकू तर निवडायची मेथी घेऊनच आल्या. पण हायड्राची सोंड आत जाईना, आमच्याच घरची सर्व्हिस वायर आडवी! मग फाटकाशीच उतरवलं. उतरवण्याआधी अप्पांनी मशिनीचं डोकं फिरवून खाली मान घालायला लावली, टेबल तळाशी नेलं, दांडा मागे सारला, वरची मोटर काढून बाजूला ठेवली. वजन जितकं खाली तितकं कलंडायचं भय कमी. आणि गॅरेजच्या शटरखालून एरवी ते गेलंही नसतं. मग खाली लोखंडी पाईप, मागून पहार, आणि "घे रे... हळू रे... थांब रे!" मागचा पाईप सुटला की उचलून पुढे टाकायचा. जोर लावायचा नाही, असं त्यांचा मुकादम सांगत होता, ज्यानं जोर लावला त्याचं बोट गेलं. कुणीही बाजूला उभं राहायचं नाही, कलंडायला लागलं तर धरायला जायचं नाही. आमचे हे धरायच्या तयारीत उभे होते, त्यांनाच ते ऐकवलेलं होतं.

माईंचा अबोलीचा वाफा मात्र गेला. पाईपाखाली भुईसपाट. माई पायरीवर उभ्या, पदर खांद्यावर, एक शब्द नाही. अप्पा तिकडे बघतच नव्हते. पण मशीन जागेवर बसल्यावर हळदकुंकवाची कोयरी घेऊन आल्या हो त्याच. नारळ फोडला. म्हणाल्या, "यंत्र दारात आलंय, त्याचा काय दोष." त्याचा, यावर जोर होता.

तर काय सांगत होते, लाईटचं. गल्लीतला वायरमन आला, मोटरवर टॉर्च मारली नि म्हणाला, "अप्पा, ही थ्री फेज." शांतता! मग प्रत्येकाचं एक मत. वायरमन म्हणाला, थ्री फेज मीटर घ्या, अर्ज मी भरतो. आता अर्ज केला की मिळतो तो, त्याचं काही नाही, पण घरगुतीला सुद्धा थ्री फेज म्हटलं की स्थिर आकार कितीतरी जास्त, आणि तो मशीन बंद असलं तरी दर महिन्याला. बिल भरायला जातं कोण, तर माई. त्यांनी नुसतं "हं" केलं, तो विषय तिथंच संपला.

मग आले जावईबापू. हिंजवडीला असतात, मोबाईलवर बघून सगळं येतं त्यांना. "सिंपल आहे बाबा, मोटर चेंज करा, सिंगल फेजची टाका." अप्पा म्हणाले, सिंगल फेजची मोटर सारख्या जोरानं ओढत नाही, आत धडधड असते, ती कामाच्या पृष्ठभागावर उमटते. आणि मशिनीची मोटर काढून दुसरी बसवायची तर फ्लँज, शाफ्ट, पुली, सगळं जुळायला हवं. जावईबापू म्हणाले, मग कपॅसिटर लावून तिसरी फेज तयार करू. तपकीर गल्लीतून पिशवीभर कपॅसिटर आणले. रविवारी जेवण झाल्यावर जोडले. मी भिंतीशीच होते, माझी कढीपत्त्याची पानं काढत. बटण दाबलं. मोटर "हूंऽऽऽ" करून घोगरली, जरा फिरली, नि पट्टा चढवल्यावर तिथंच बसली. जावईबापू म्हणाले, "मोटरच खराब आहे, तुम्हाला फसवलंय." अप्पांचं तोंड... अहो, एवढी परीक्षा करून आणलेलं मशीन! आमच्या ह्यांचंही पडलं, कारण साक्षीदार तेच.

आता खरी गंमत. त्या घरात एक बाई गेली कित्येक वर्षं लिफ्टच्या कंपनीत कंट्रोल पॅनल डिझाइन करते. कोण? सूनबाई! रोज सकाळी डबा घेऊन स्कूटरवरून जाते ती काय पापड लाटायला जाते? पण वायरमनला विचारलं, जावयाला विचारलं, आमच्या ह्यांना विचारलं, शेठला फोन करून विचारलं, सुनेला कुणी विचारलं नाही. आणि तिनंही आपणहून तोंड उघडलं नाही. बरोबरच केलं, माझं विचाराल तर.

ती बाहेर आली ती ताकाचे ग्लास घेऊन. म्हणाली, "बाबा, मोटरची पाटी वाचली का कुणी?" सगळे म्हणाले, हो, दोन एचपी, चौदाशे चाळीस आरपीएम. ती म्हणाली, "व्होल्टच्या शेजारी काय लिहिलंय?" मोबाईलची बॅटरी लावून वाकले सगळे. ४१५ व्होल्ट आणि शेजारी बारीकसा वाय. म्हणजे स्टार. सून म्हणाली, या जोडणीत मोटरला पूर्ण जोरासाठी ४१५ लागतात, तुम्ही दिलेत २३०. खराब नाही झाली, उपाशी आहे. हीच मोटर डेल्टात जोडली की तिला २४० लागतात. ४१५ ला १.७३२ नं भागा, येतात का बघा. अप्पांनी मनातच भागलं. येतात! जावईबापू मोबाईलवर भागत होते. त्यांचं उत्तर यायच्या आधीच त्यांचा चेहरा उतरला होता.

मग तिनं व्हीएफडी सांगितला. तो ड्राइव्ह, आपल्या त्या कोपऱ्यावरच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये असतो तसाच, लहान. घरची एक फेज आत घेतो, तिची डीसी करतो, आणि तिच्यातून तीन फेजा घडवून बाहेर देतो. पण व्होल्ट वाढवत नाही, २३० आत तर २३० बाहेर. म्हणून आधी मोटर डेल्टात पाहिजे. माईंनी विचारलं, एवढा काय फरक गं एकात नि तिनात? तर म्हणाली, "आई, जातं एकटीनं ओढलं की मध्येमध्ये हात ढिला पडतो ना? तिघींनी एकामागून एक हात दिला की ढिला पडायला जागाच नाही." माईंना पटकन कळलं. जावईबापूंना कळलं की नाही, विचारायची सोय नव्हती.

सोपं वाटलं ना? मोटरच्या डबीचं झाकण उघडलं तर आतून वायरी तीनच! डेल्टाला सहा टोकं बाहेर लागतात. जुन्या लहान मोटरीत स्टारची गाठ आतच, वाइंडिंगमध्ये मारून टाकलेली असते. मग चिंचवडचे एक म्हातारे रिवाइंडिंगवाले शोधले. त्यांनी मोटर खोलली, तारांवरचे दोरे कापले, वार्निशमध्ये गाडली गेलेली ती गाठ हलक्या हातानं मोकळी केली, प्रत्येक टोकाला नवी वायर, त्यावर स्लीव्ह, पुन्हा दोरे, पुन्हा वार्निश, आणि भट्टीत वाळवलं. अप्पा तिथंच स्टुलावर बसून होते. म्हणाले, माणसाचा हात बघत राहावा. डबीत आता सहा खिळे आणि तीन पितळी पट्ट्या, पट्ट्या फिरवल्या की स्टारची डेल्टा.

ड्राइव्ह बसवताना पुन्हा एकदा जावईबापू बोललेच. मशिनीवरचा तो जुना उलटसुलट फिरवायचा स्विच आहे ना, तो ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये टाकू, म्हणे. सून म्हणाली, "भाऊजी, तिथं काहीही टाकायचं नाही. चालत्या मोटरची वायर मध्येच तोडली तर ड्राइव्ह मरतो." त्या स्विचमधून आता नुसता इशारा जातो, सरळ फीर, उलटी फीर. करंट परस्पर. आणि वेग कमी हवा तर नुसतं नॉब फिरवून भागत नाही, पट्टा मोठ्या पुलीवर घ्यायचाच, नाहीतर जोर मिळत नाही आणि मोटरचा स्वतःचा पंखाही मंदावून ती तापते. अप्पा हे सगळं वहीत लिहून घेत होते. सुनेचं! लग्नानंतर इतक्या वर्षांत तिचा चहा साखरेला कमी आहे, एवढंच बोललेला माणूस तो.

मशीन फिरलं. फिरलं नि घरभर अंधार! मालिकेची वेळ, नायिका नेमकी दार उघडतेय आणि लाईट गुल. ईएलसीबी पडला. सून म्हणाली, ड्राइव्हमधून अर्थला थोडी गळती होतेच, घरचा तीस मिलिअँपचा नाजूक ईएलसीबी ते सोसत नाही. म्हणून तो काढून नाही टाकायचा हं, वायरमन तेच सुचवत होता. तिनं त्याच्याकडे असं बघितलं की तो पक्कड उचलून उभाच राहिला. मशिनीला स्वतंत्र लाईन, चार स्क्वेअर एमएमची वायर, तिचा एमसीबी वेगळा, ड्राइव्हला चालेल असा ईएलसीबी वेगळा. आणि अर्थिंग नवं. त्यासाठी खड्डा कुठं घेतला असेल? अबोलीच्याच वाफ्यात. कोळसा आणि खडेमीठ भरलं. आता तिथं अबोली काय, गवत उगवायचं नाही. माई म्हणाल्या, "माझ्या वाफ्यात मीठ कालवलंत." अप्पा पुन्हा दुसरीकडे बघत होते.

एवढ्यावर थांबलं का? माईंचा जुना रेडिओ, पुणे केंद्र ७९२ वर लावून ठेवलेला. अप्पांनी मशीन सुरू केलं की भावगीताच्या जागी नुसता चर्रऽऽ. ड्राइव्हमुळे, मीडियम वेव्हला फार बाधतो म्हणे. माईंनी काही भांडण केलं नाही. रेडिओ उचलला, गॅरेजात मशिनीच्या टेबलावर नेऊन ठेवला, आवाज पूर्ण वाढवला आणि आत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी जाळीची शिल्डेड केबल आली, लोखंडी पेटी आली, फिल्टर आला. आता दोघं साधारण एकत्र नांदतात. बातम्या ऐकू येतात, गाण्यामागे एखादा डास असल्यासारखं वाटतं, इतकंच.

आणि खर्च अजून सुरूच आहे बरं का! नुसत्या मशिनीनं काही होत नाही, हे आता कळतंय त्यांना. व्हाइस पाहिजे, कोलेट पाहिजेत, एंड मिल, क्लॅम्पा, टी-नट. बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात फेरी असते दोघांची. आमचे हे रद्दीच्या भावात मिळालं म्हणून सांगतात आणि कटर दाखवतात, धार गेलेले. मग धार लावून आणायला वेगळे पैसे. शिवाय अप्पांनी डोकं सरळ आहे की नाही ते बघायला एक अख्खा दिवस काढला, स्पिंडलला डायल अडकवून टेबलभर गोल गोल, एका बाजूला दोन शतांश जास्त, दुसऱ्या बाजूला एक कमी. आमचे हे हातोडीनं अगदी प्रेमानं टक् करायचे आणि दोघं पुन्हा काट्याकडे बघायचे. माईंनी चहा ठेवला तो गार झाला, पुन्हा केला, तोही गार झाला.

पहिलं काम काय केलं असेल? इंजिनाचं काही नाही. जावईबापूंनी आणून दिलेला एक ॲल्युमिनियमचा ठोकळा, त्याच्या सहा बाजू सपाट केल्या, काटकोनात. नुसता ठोकळा! पण इतका चकचकीत, आमच्या ह्यांनी खिशात घालून मला दाखवायला आणला. जावईबापूंना तो प्रेझेंट मिळाला, त्यांच्या ऑफिसच्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे. पहिला कीस कुणाला? तो सुनेला. चांगला वळलेला, तिनं डबीत ठेवलाय. उरलेला कीस घरभर, चपलांच्या तळव्यांतून देवघरापर्यंत. माईंनी गॅरेजच्या दाराशी पायपुसणं टाकलंय आणि पलीकडे चपलांची वेगळी जोडी, ती ओलांडून यायचं नाही. अप्पा पाळतात. आमचे हे विसरतात, मग माझ्या पोळपाटाखाली चकचकतं काहीतरी.

हं, आणि एक. हे मात्र खरंच कुणापाशी बोलू नका. इंजिनाच्या दातांच्या चाकांसाठी डिव्हायडिंग हेड लागतं, वर्तुळाचे सारखे भाग पाडायला. चाळीस फेऱ्या हँडल फिरवलं की काम एकदा फिरतं, तसलं. भोसरीच्या त्याच शेठचा फोन आला, एक आलंय म्हणून. अप्पा जाऊन घेऊन आले, दोघांना उचलवेना इतकं जड. पण घरी न्यायचं कसं? माईंना सांगितलंय ना, आता एक पैसा खर्च नाही. म्हणून ते सध्या आमच्या दिवाणात आहे. गाद्यांखाली, जुन्या चादरीत गुंडाळून. किंमत मला सुद्धा सांगितलेली नाही, यावरून काय ते समजा.

आणि परवा माई हळदीकुंकवाला आल्या, नेमक्या दिवाणावर बसल्या. बसल्या बसल्या हातानं फळी चाचपली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे असू दे हो ते दसऱ्यापर्यंत. पूजेला मी स्वतः मागून घेईन, तेव्हा बघते त्यांचं तोंड." मी ह्यांना अजून काही बोललेले नाही. अप्पांना तर नाहीच नाही.